फुकटातल्या सॉफ्टवेअरला ६५,५०० रुपये मोजले, तुम्ही मोजू नका

उद्यमनगरात माझं लहान मशीन शॉप आहे. २३ कामगार, दोन पाळ्या. कुणी कुठल्या जॉबवर किती तास घातले ते वहीत लिहायचो आणि महिनाअखेरीला ओव्हरटाइमवरून भांडण ठरलेलं. ते मिटवायच्या नादात ही अक्कलखाती रक्कम पडली. नाव देत नाही, पाहुण्यांत अजून कळलेलं नाही.

सॉफ्टवेअर बसवणारा ओळखीतूनच आला. ‘लिनक्स सर्व्हर, टाइमशीट मोबाइलवर, बिनघोर राहा दादा.’ लायसन्सचे ३२,०००, बसवायचे ९,५००, ‘वार्षिक की’चे ६,०००. सगळे आगाऊ, त्याच्या बायकोच्या नंबरवर. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लागेल, तुम्हालाच महाग पडेल. इथंच ओळखायला हवं होतं म्हणाल. पण बिलाशिवाय आपल्याकडं काय काय चालतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

मला बोचतं ते वेगळंच. माझ्याच टेबलावर बसून, माझ्या डोळ्यांदेखत बसवलं त्यानं. काळ्या स्क्रीनवर ‘गिट क्लोन’ ही कोड उतरवायची कमांड, पुढं गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा पत्ता, शेवटी ‘किमाई’. मी विचारलंसुद्धा, हे किमाई काय? ‘ते इंजिन, वरची बॉडी आमची.’ मग कंपोझर नावाच्या टूलनं लागणारी पॅकेजं भराभर उतरवली, एका फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड लिहिला, इन्स्टॉलची कमांड मारली. पाऊण तासात मोकळा. ३२,००० चं लायसन्स, आणि की टाकायला त्यानं कुठं हातच लावला नाही! लेथवर शतांश मिलिमीटरची चूक पकडणारा मी, हे बघत बसलो. वर त्याला तांबडा-पांढरा खाऊ घातला.

किमाई हे कामाचे तास नोंदवायचं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कुणीही फुकट उतरवून घ्यावं. मजुरी घेतली त्याला माझी ना नाही. लायसन्स कसलं विकलं? स्क्रीनवर दिसेल ते नाव त्याच्यासमोरच गुगलवर टाका, लाज धरू नका.

सातव्या महिन्यात लॉगिन बंद. ‘सर्व्हर रिन्युअल, १८,०००.’ पगार तोंडावर, दिले. चार दिवस चाललं, मग सर्व्हरही गेला आणि त्याचा फोनही. सर्व्हर, डोमेन (साइटचा पत्ता), रूट म्हणजे सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, सगळं त्याच्याकडं. स्वतःच्या नावावर घ्या रे बाबांनो! आणि डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, रोज स्वतःच्या पेनड्राइव्हवर. माझे सात महिन्यांचे तास हवेत गेले. त्या महिन्याचा ओव्हरटाइम ज्यानं जो सांगितला तो दिला.

पोलीस ठाण्यात म्हणाले, कॉम्प्युटरचं आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर बसून गेला, ठाण्यात जा. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तर आधी ओटीपी कुणाला दिला ते विचारलं. दिलाच नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. एका साहेबानं तर, ‘बसवून दिलं ना? चाललं ना? मग फसवणूक कसली, दिवाणीत जा.’ अहो, फसवणुकीचं कलम ४२० चं आता ३१८ झालं एवढं मला वकिलानं सांगितलं, तुम्हाला कोण सांगणार? ग्राहक आयोगाचा रस्ताही त्याच वकिलानं बंद केला: धंद्यासाठी घेतलं की तुम्ही ग्राहक नाही. म्हणजे कारखानदार लुटायला मोकळाच!

चॅट आणि जीपेचे स्क्रीनशॉट मात्र पहिल्याच दिवशी काढा, त्यानं निम्मे मेसेज पुसले.

तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. पोच मागितली तेव्हा हवालदारानं मागच्या बाजूला शिक्का मारून दिला. तारीख आहे, आवक क्रमांकाची जागा कोरी.