घोडी बिननालेची ठेवायची तर खुराची ट्रिम (छाटणी) कुठली: बाहेरचा आकार बघून की आतलं हाड समजून?

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी घेऊन आलेल्या माणसाला पहिले दोन महिने कौतुकच पुरतं, चाल बघा, कान बघा, मग एक दिवस नजर खुराकडे जाते आणि कळतं की पुढचं टोक चपलेसारखं वाढलंय. मग कोणी म्हणतं नाल ठोका, कोणी म्हणतं काढा, आणि यूट्यूब बघितलं तर डोकंच फिरतं.

नाल की बिननाल हे आधी पटकन उरकतो. घोडा रोज डांबरावर किंवा दगडी रस्त्यावर तासन्‌तास चालणार असेल, म्हणजे वरातीचा किंवा माथेरानसारखा सवारीचा, तर खूर वाढतो त्यापेक्षा जास्त झिजतो आणि तिथे हट्ट करून नाल काढण्यात अर्थ नाही. पण आठवड्यात तीन-चार दिवस रपेट, बाकी वेळ रानात मोकळी, असं असेल तर बिननालेचं छान जमतं. खरा प्रश्न नंतरचा आहे, ट्रिम कशी आणि कोणाकडून.

आपल्याकडे नालबंदाची जी चालत आलेली पद्धत आहे ती वाईट नाही, ती नालेसाठी बनलेली आहे एवढंच. नाल सपाट बसावी म्हणून तो तळवा चाकूने कोरतो, भिंत, म्हणजे खुराचं बाहेरचं कडक कवच, एका पातळीत आणतो आणि पुढून कानशीने घासून गोल गोमटा आकार देतो. वर लोखंड येणार असतं, भार भिंतीवरून जाणार असतो, म्हणून कोरलेला तळवा निभावून जातो. तीच ट्रिम करून नाल मात्र लावली नाही की वाट लागते. माझ्या घोडीचं हेच झालं, नाल काढायच्या दिवशी नेहमीच्याच माणसाला बोलावलं, त्याने नेहमीसारखाच तळवा पांढराशुभ्र करून दिला, मी पण शेजारी उभा राहून वा वा करत होतो, आणि दुसऱ्या दिवशी घोडी मुरमावर आली तशी निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी चालायला लागली. तीन आठवडे गेले त्यात. चूक त्याची निम्मी, माझी निम्मी, मी त्याला काम बदललंय हे सांगितलंच नव्हतं.

आता दुसरी पद्धत, आतलं हाड समजून करायची. खुराच्या आत कॉफिन बोन असतं, साधारण खुराच्याच आकाराचं छोटं हाड, ते भिंतीला आतून शेकडो पापुद्र्यांनी चिकटलेलं असतं, त्याला म्हणायचं लॅमिनी. खाली तळव्याची जाडी, मागे टाचेत गादी. हाडाखाली तळवा दीड सेंटीमीटरच्या आसपास तरी असावा असं धरतात. म्हणजे बाहेरून खूर कितीही उंच दिसला तरी आत हाड खाली सरकलेलं असू शकतं, आणि खूर बुटका दिसतो म्हणून तळवा पातळच असेल असंही नाही. बाहेरचा आकार इथेच फसवतो, भिंत बाहेर फाकली असेल तर पुढून कानस मारून ती सरळ दिसेल, पण हाडाला धरणारी आतली पकड सुटलेली ती सुटलेलीच.

मग आत दिसत नाही तर कापायचं कशावरून? खूर उचलून खालून बघायचं. तळव्याच्या मधे जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो तो फ्रॉग, त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या खाचा असतात त्यांचा तळ आतल्या नाजूक भागापासून जवळपास ठरलेल्या अंतरावर असतो, म्हणून खाच किती खोल हे सगळ्यात कामाचं माप. कानस तळव्यावर आडवी ठेवायची, फ्रॉगच्या टोकाजवळ खाचेत हूफ पिक (खूर साफ करायचा हुक) उभा करायचा, आणि कानशीपर्यंत किती भरतं ते बघायचं. एक सेंटीमीटर पण भरत नसेल तर तळवा पातळ आहे, चाकू खिशात ठेवा. चांगली खोल असेल तर भिंत उतरवायला जागा आहे. भिंत जिवंत तळव्याच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर वर सोडायची आणि कडा गोल करायची. जिवंत तळवा मेणासारखा लागतो, मेलेला खडूसारखा भुरभुरतो, हे एकदा नखाने खरवडून बघितलं की विसरत नाही. व्हाइट लाइन, म्हणजे भिंत आणि तळवा यांच्या मधली रेघ, पुढे रुंद झाली असेल तर भिंत हाडापासून ताणली जातेय, म्हणजे टोक मागे घ्यायची वेळ झाली.

यातही एक फाटा आहे तो नीट बघा, कारण इंटरनेटवर सगळं एकाच नावाने खपतं. अमेरिकेत जेमी जॅक्सन या नालबंदाने १९८० च्या दशकात पश्चिमेकडच्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशातल्या रानटी घोड्यांचे खूर पाहिले आणि तसा नैसर्गिक खूर घडवायचा विचार पुढे आणला. जर्मनीच्या हिल्ट्रुड स्ट्रासर या पशुवैद्य बाईंनी तर आकडेच दिले, पुढच्या पायाच्या खुराचा उतार जमिनीशी ४५ अंश, खुराच्या वरच्या कडेची केसांची रेषा ३० अंश. मला आकड्यांची पद्धत पटत नाही. प्रत्येक घोड्याचा खांदा, घोटा, हाड वेगळं, आणि आकडा गाठायच्या नादात टाच खोल कापली तर घोडा महिनोन्‌महिने दुखतो. रानटी घोड्याचा नमुना पण जपूनच घ्यावा, तिकडे कोरडं वाळवंट आणि दिवसाला कित्येक किलोमीटर भटकंती, आपल्याकडे जून ते सप्टेंबर चिखल आणि तबेला. पावसाळ्यात खूर मऊ पडतो, मेलेला तळवा आपोआप सुटतो, फ्रॉग सडून वास मारतो. तेव्हा कापण्यापेक्षा कोरडी जागा देणं जास्त कामाचं.

शंका असेल तर एक्स-रे काढा, बाजूने. पुढच्या भिंतीवर तार चिकटवायची, फ्रॉगच्या टोकाला ड्रॉइंग पिन, मग फोटोत हाड नेमकं कुठे आणि भिंत कुठे ते एकत्र दिसतं. लॅमिनायटिस (लॅमिनी सुजून पकड सैल पडण्याचा आजार) होऊन गेलेल्या घोड्याला तर याशिवाय हात लावू देऊ नका. आणि लॅमिनायटिसवरून आठवलं, घोडं कुठं पेंड खातंय हे बघायचं तर आधी खुराकाची घमेली बघा, गूळ आणि धान्याचा मारा चालू असेल तर जगातली कुठलीच ट्रिम टिकत नाही.

वेळेच्या हिशोबात आतलं बघून करणारी पद्धत महाग पडते. चार ते सहा आठवड्यांनी माणूस यावाच लागतो आणि दरवेळी थोडंथोडंच काढतो, त्यामुळे पहिल्या दोन भेटींत पैसे वाया गेले असंच वाटतं. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणजे वरून निघालेली नवी घट्ट भिंत टोकाला जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष. आकार बघून केलेली ट्रिम त्याच दिवशी देखणी दिसते, घोडा विकायचा असेल तर तीच करा, गंमत नाही, गिऱ्हाईक खूर उचलून बघतच नाही.

माणूस निवडताना मी एवढंच बघतो की तो हत्यार काढायच्या आधी घोडी चालवून बघतो का, आणि खूर उचलल्यावर आधी ब्रश मारतो की थेट चाकू. माझा आधीचाच माणूस आहे अजून, त्याला समजावून सांगितल्यावर तळव्याला हात लावत नाही आता, फक्त तोंड वाकडं करतो. सहावा महिना चालू आहे, घोडीच्या खुरावर वरचा निम्मा भाग सरळ उतरलाय, खालचा निम्मा अजून जुनाच फाकलेला, आणि मधे आडवी वळी उमटलीय ती दर भेटीला थोडी खाली सरकलेली दिसते.