ऑटो वॉटर चेंज पंप, दीड वर्षानंतर: पाणी बदलतं, गाळ तिथेच राहतो

कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या (रीफ) टँकसाठी दोन हेडचा ऑटो वॉटर चेंज पंप घेऊन आता दीडेक वर्ष झालं. मागच्या आठवड्यात त्याची नळी पुन्हा गेली, विक्रेत्याने पुन्हा तेच उत्तर दिलं, म्हणून हे लिहायला बसलो. पंप कसा लावायचा, अ‍ॅप कसं जोडायचं ही माहिती सगळीकडे आहे, त्यात शिरत नाही. रोज थोडं थोडं पाणी बदलून रीफ टँकला नक्की काय मिळतं, काय मिळत नाही आणि सगळी भिस्त ज्या वीतभर नळीवर आहे ती किती तकलादू निघते, हे सांगायचंय.

टँक तीन फुटी, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून पाणी साधारण २०० लिटर. क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, क्लीनर श्रिंप. कोरल सगळी सॉफ्ट: लेदर, मशरूम, झोअँथिड. दगडी प्रवाळं ठेवलेली नाहीत, ठेवणारही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती २००१ पासून आहेत आणि मालवणच्या पाण्यात ती जिवंत बघितल्यावर दुकानातल्या तुटलेल्या फांद्या बघवत नाहीत. हे आधी सांगायचं कारण असं की पाणी किती वेळा बदलायचं हे टँकमध्ये काय आहे त्यावर ठरतं. दगडी प्रवाळं सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, डीकेएचमध्ये मोजतात) भराभर खातात. दर २.८ डीकेएच अल्कलिनिटीमागे सुमारे २० पीपीएम (दशलक्षात २० भाग) कॅल्शियम जातं, आणि टँक भरलेला असेल तर नुसत्या वॉटर चेंजने ती भूक भागत नाही, डोसिंग, म्हणजे ती द्रव्यं वेगळी घालणं, करावंच लागतं. सॉफ्ट कोरलचं तसं नाही. माझ्याकडे अल्कलिनिटी आठवड्याला जेमतेम उतरते. त्यामुळे 'दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला' हा नियम सगळ्यांना सरसकट लागू होतो असं मला आता वाटत नाही.

पंपाआधी मी तोच नियम पाळायचो. दर रविवारी २० लिटर. माझं सॉल्ट (समुद्राचं पाणी बनवायचं मीठ) लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे आठवड्याला पाऊण किलो, वर्षाला जवळजवळ ४० किलो. शिवाय आरओडीआयचं (आरओ आणि मग रेझिनमधून शुद्ध केलेलं) पाणी: एक लिटर चांगलं निघेपर्यंत तीन लिटर वाया जातं. आम्ही राहतो घोडबंदर रोडला. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येतात, मीटर चारशेच्या वर टीडीएस (विरघळलेले क्षार) दाखवतो, आणि जी रेझिन हिवाळ्यात निवांत टिकते ती त्या दोन महिन्यांत बघता बघता रंग बदलते. वाया जाणारं पाणी पिंपात धरून फरशी आणि संडासासाठी वापरतो, तरी जिवाला लागतंच. स्वयंपाकघरातला प्युरिफायर वापरा असं बरेच जण सुचवतात. त्यात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. प्यायला ते छान, पण रीफला शून्यच हवं. आणि सासरे विचारतात तसं 'समुद्र एवढा जवळ आहे, तिथून का आणत नाही?' तर आपल्या खाडीचं पाणी म्हणजे सांडपाणी आणि गाळ, पावसाळ्यात तर त्याची क्षारता पार उतरलेली असते. ते टँकमध्ये घालायचा विचारही करू नका.

तर पंप घेतला. एक हेड संपमधून रोज तीन लिटर पाणी काढून बाथरूमच्या मोरीत सोडतं, दुसरं तेवढंच नवीन पाणी पिंपातून आणतं. चोवीस तासांत विभागून, दर तासाला सव्वाशे मिली. पहिले काही महिने मी खूश होतो, आणि ती खुशी खोटी नव्हती. टँकचं तापमान हलत नाही, अल्कलिनिटीला झटका बसत नाही, रविवारी बादल्या उचलायच्या नाहीत. आधी वॉटर चेंजनंतर झोअँथिड तासभर मिटून बसायचे, ते थांबलं.

रोज थोडं बदललं तर नवीन पाणीच परत बाहेर जातं, फुकट जातं, असा आक्षेप बरेच जण घेतात. गणित करून बघितलं. रोज तीन लिटर, महिन्याला ९० लिटर: जुन्या पाण्यातलं ३६ टक्के बाहेर पडतं. दर आठवड्याला २० लिटर, चार वेळा, म्हणजे ८० लिटर: ३४ टक्के. ९० लिटर एकदम बदललं तर ४५ टक्के, पण तेवढा धक्का द्यायची माझी तयारी नाही. म्हणजे बादलीच्या तुलनेत पंप फार काही वाया घालवत नाही. त्या बाजूने त्याच्यावर तक्रार नाही.

एक गोष्ट मात्र घेण्याआधीच बघा. नवीन पाण्याचं पिंप महिनाभर भरून उभं राहतं. जास्त अल्कलिनिटीचं सॉल्ट, जे दगडी प्रवाळांसाठी विकतात, ते असं साठवायला चालत नाही. पिंपाच्या आतून पांढरा थर धरतो आणि टँकमध्ये पोचेपर्यंत त्या पाण्यातली अल्कलिनिटी बरीच गळालेली असते. ७-८ डीकेएचचं साधं सॉल्ट टिकतं. स्वस्तही पडतं.

आता नळीबद्दल. हे पंप पेरिस्टाल्टिक असतात: रोलर फिरत फिरत नळी दाबतो आणि पाणी पुढे ढकललं जातं. नळी चेपून चेपून थकली की पूर्वीसारखी फुगत नाही, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडं कमी पाणी येतं. अ‍ॅपला हे कळत नाही. ते फेरे मोजतं, पाणी मोजत नाही. रोज रात्री '३००० मिली पूर्ण' अशी हिरवी टिकमार्क यायची आणि इकडे लेदर कोरल मान टाकून बसलेलं. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी, म्हणजे क्षारता मोजायचं यंत्र) ३५ च्या, म्हणजे समुद्राइतक्या खाऱ्या, स्टँडर्ड सोल्युशनने लावून घेतला (आरओ पाण्याने शून्य लावणं पुरेसं नाही, वरच्या टोकाला चुकतो) आणि टँकचं पाणी तपासलं: ३३.५ आणि ३४ च्या मध्ये. दोन्ही हेड मोजपात्रात सोडून बघितली. काढणारं हेड १०० मिली सांगितल्यावर १०० काढतंय, आणणारं ९० आणतंय.

हे दहा टक्के दिसायला किरकोळ वाटतात, पण त्यांचं काय होतं ते नीट बघा. रोज तीन लिटर खारं पाणी जातं, २.७ लिटर येतं. संपची पातळी ३०० मिलीने उतरते आणि ऑटो टॉप-ऑफला वाटतं बाष्पीभवन झालं, तो तिथे गोडं पाणी भरतो. पातळी ठणठणीत, मीठ मात्र रोज दहा ग्रॅम कमी. २०० लिटरच्या टँकमध्ये महिन्याभरात ३५ ची सॅलिनिटी ३३.७ वर येते, दोन महिन्यांत ३३ च्या खाली, आणि कुणी बघितलंच नाही तर शेवटी ३१.५ वर जाऊन थांबते. उलट झालं, म्हणजे काढणारी नळी थकली, तर सॅलिनिटी वर चढते. हाताने बादलीभर पाणी बदलताना हा धोकाच नाही, काढलेलं आणि घातलेलं दोन्ही डोळ्यांसमोर असतं.

हेडचं झाकण उघडलं. नळी मधोमध पांढुरकी पडलेली, बोटाने सोडली तरी चपटीच राहणारी, आणि क्लिपजवळ केसाएवढी चीर, तिच्यावर मिठाची खपली. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, ट्यूब कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत बसत नाही."

म्हटलं, ठीक, नुसती ट्यूब द्या, पैसे देतो.

"नुसती येत नाही सर. पूर्ण हेड घ्यावं लागेल."

वीतभर सिलिकॉन नळीसाठी मोटर, रोलर, डबी सगळं नवीन घ्या! आणि ते हेड स्टॉकमध्ये नाही, येईल तेव्हा कळवू. वाद घालून पंप त्यांच्याकडे पाठवला तर तो जवळजवळ पावसाळाभर तिथेच पडून राहिला. वस्तू झिजणारी आहे हे माहीत असताना ती सुटी विकायची नाही, याचा राग मला अजून आहे, आणि या पंपाबद्दलची माझी निम्मी नाराजी याच कारणाने आहे.

पण त्या पावसाळ्यात एक काम झालं. मी ठरवलं की पंप परत येईपर्यंत पाणी बदलायचंच नाही, फक्त टॉप-ऑफ, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि टेस्ट किट, बघू काय होतं. जर्मनीतली ट्रायटन पद्धत तशीही पाणी न बदलण्यावरच उभी आहे: संपमध्ये शेवाळ वाढवा, हवं ते डोस करा, आयसीपी चाचणी (प्रयोगशाळेत पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी) करून बघत राहा. तेवढ्या चाचण्या परवडणाऱ्या नाहीत, सॉल्ट त्याहून स्वस्त पडतं, पण कल्पना पटण्यासारखी आहे.

नायट्रेट १० वरून हळूहळू २५ ला गेलं. फॉस्फेट दुप्पट झालं. अल्कलिनिटी आठवरून सातच्या जरा वर. आणि कोरल? झोअँथिड आधीपेक्षा जास्त फुलले. मशरूम पसरले. लेदरने कात टाकल्यासारखी मेणचट साल सोडली आणि दोन दिवसांत पुन्हा पूर्ण उघडलं. तेव्हा माझं मत पक्कं झालं होतं की सॉफ्ट कोरलच्या टँकला वॉटर चेंज म्हणजे पैशाचा चुराडा.

ते मत दोन गोष्टींनी बदललं. पहिली, पाण्याचा रंग. समोरून बघताना कळत नव्हतं. टँकचं पाणी पांढऱ्या मगमध्ये घेतलं, शेजारी पिंपातलं नवीन पाणी दुसऱ्या मगमध्ये. टँकचं पाणी पिवळसर, कोऱ्या चहाचा अगदी पातळ घोट असावा तसं. लेदरसारखी सॉफ्ट कोरल शेजाऱ्याला दूर ठेवायला पाण्यात रसायनं सोडतात. ती आणि कुजक्या सेंद्रिय गोष्टी साठत जातात, आणि ते कुठल्याही टेस्ट किटमध्ये दिसत नाही. त्यावर उपाय मात्र सॉल्टपेक्षा स्वस्त निघाला: अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची एक पिशवी, महिन्याला नवीन. आठवड्यात पाणी काचेसारखं.

दुसरी गोष्ट मोठी. वेव्हमेकर (टँकमधलं पाणी घुसळणारा पंप) धुवायला काढला म्हणून खडकांमागे पिचकारी मारली तर तपकिरी ढग उठला. क्लाउनफिश त्यात दिसेनाशी झाली. संपचा तळ बघितला, तिथे बोटभर गाळ. हा गाळ पावसाळ्यातला नव्हता, पंप चालू होता तेव्हापासूनचा होता. कारण पंप संपमधलं वरचं, निवळ पाणी काढतो. विष्ठा, उरलेलं खाणं, मेलेलं शेवाळ सगळं जिथल्या तिथे कुजत राहतं, आणि नायट्रेट-फॉस्फेट तिथूनच येतं. त्याआधी दर रविवारी मी सायफनने पाणी काढताना हा गाळ सोबत जायचा, आणि त्याचं श्रेय मी सगळं '१० टक्क्यां'ना देत होतो.

नायट्रेटसाठी पाणी बदलणं हे एरवीही कमजोर हत्यार आहे. समजा टँकमध्ये आठवड्याला २ पीपीएम नायट्रेट तयार होतं आणि तुम्ही इमानाने दर आठवड्याला १० टक्के बदलता. तरी ते चढत चढत २० ला जाऊन तिथेच राहणार: बदलल्यावर १८, पुढच्या रविवारी पुन्हा २०. सॉल्टच्या बादल्या रिकाम्या होतील, आकडा हलणार नाही. तो हलवायचा तर तयारच कमी व्हायला हवं, म्हणजे खाणं कमी आणि गाळ बाहेर.

त्यामुळे सध्या असं चाललंय. महिन्यातून दोनदा हाताने, १५-२० लिटर, आणि ते सगळं पाणी सायफनने गाळावरून काढलेलं: आधी पिचकारीने खडक झाडायचे, दहा मिनिटं थांबायचं, मग तळ आणि संपचा कोपरा ओढून घ्यायचा. पाणी किती निघालं यापेक्षा ते किती घाण निघालं हे मी बघतो. नायट्रेट १० च्या आसपास परत आलंय, सॉल्टचा खर्चही आधीपेक्षा कमी. भरगच्च दगडी प्रवाळांचा टँक असेल किंवा मासे जास्त असतील तर हे प्रमाण पुरणार नाही. आणि डोसिंगवर चालणाऱ्या टँकमध्ये कॅल्शियम क्लोराइड आणि सोड्याच्या डोसमुळे सोडियम-क्लोराइड साठत जातं, ते पातळ करायला पाणी बदलण्याला पर्याय नाही.

पंप परत आल्यावर काढून टाकला नाही, रोजच्या तीन लिटरवरून एकावर आणला. ट्रेस एलिमेंट (अगदी थोडी लागणारी मूलद्रव्यं) आणि स्थिरतेसाठी तेवढा पुरतो, आणि नळी एक तृतीयांश झिजते. तरी मागच्या आठवड्यात पुन्हा चीर पडली, यावेळी काढणाऱ्या हेडमध्ये. फोनवर पुन्हा 'पूर्ण हेड घ्या'.

यावेळी घेतलं नाही. जुनी नळी मोजली: आतून ३ मिमी, बाहेरून ५. तेवढ्याच मापाची फार्मेड बीपीटी नावाची, अशा पंपांत वापरतात ती नळी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणली. ती सिलिकॉनपेक्षा महाग आहे, पण पेरिस्टाल्टिक पंपात कितीतरी पट टिकते. जुन्या क्लिपा काढून बसवली, दोन्ही हेड एकदमच बदलली म्हणजे दोन्ही सारखीच थकतील, आणि मोजपात्राने पुन्हा कॅलिब्रेट केली. नवीन नळी जरा कडक असल्याने मोटर आधीपेक्षा किंचित जास्त आवाज करते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही हेड मोजपात्रात सोडून बघायची आणि शंभरात पाच मिलीहून जास्त फरक दिसला तर पंप बंद, असं ठरवलंय.

घ्यावा का? सॉफ्ट कोरल आणि मोजके मासे असतील तर नको. त्या पैशात चांगला सायफन, कार्बन, आरओडीआयची जास्तीची रेझिन आणि वर्षभराचं सॉल्ट येईल. महिन्यातून दोन-दोन आठवडे फिरतीवर असणाऱ्यांनी जरूर घ्यावा, पण घेण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा की नुसती नळी सुटी मिळते का आणि तिचं माप काय. उत्तर 'पूर्ण हेड' असं आलं तर दुसरा पंप बघा.