अल्फा रोमिओ जुलिएत्ता घेताना झालेली फसवणूक : कागद खरे, गाडी दुसरीच

इटलीतून जुनी स्पोर्ट्स कूपे घ्यायचं कोणाच्या डोक्यात असेल तर पैसे देण्याआधी हे पूर्ण वाचा.

मी ट्युरिनजवळ राहतो, नोकरी गाड्यांच्याच क्षेत्रातली, आणि जुलिएत्ता स्प्रिंट घ्यायचं स्वप्न फार जुनं. 1954 च्या ट्युरिन मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, डिझाइन बेर्तोने या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडच्या फ्रांको स्काल्योनेचं, 1290 सीसीचं ॲल्युमिनियमचं ट्विन कॅम इंजिन, आणि कंपनीला वाटलं होतं थोड्याफार खपतील तर ऑर्डरी इतक्या आल्या की बेर्तोनेच्या कारखान्याला झेपेना. आजही रस्त्यात दिसली की नजर हटत नाही.

आता यातली मेख. 1956 ला तिचं 'वेलोचे' व्हर्जन आलं, दोन वेबर कार्ब्युरेटर, 90 हॉर्सपॉवर, आणि सुरुवातीच्या हलक्या गाड्यांना दरवाजे, बॉनेट, डिकी सगळं ॲल्युमिनियमचं, बाजूच्या खिडक्यांना काचेऐवजी सरकणारं प्लेक्सिग्लास. आजच्या मिल्ले मिल्या या जुन्या गाड्यांच्या रॅलीत 1927 ते 1957 च्या मूळ शर्यतीत धावलेली मॉडेलंच घेतात, त्यामुळे अशा गाडीवर लोक तुटून पडतात आणि साध्या स्प्रिंटपेक्षा भाव कितीतरी जास्त. बाकी दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे साधीची वेलोचे करणारे बरेच आहेत.

आमच्या डीलरने हे सगळं आधीच ओळखून तयारी ठेवली होती. मी काही विचारायच्या आत त्याने फाइल पुढे केली, जुनं मूळ लिब्रेत्तो म्हणजे आपलं आरसी बुक, आणि मिलानजवळच्या आरेझेच्या अल्फा रोमिओ आर्काइव्हचं, म्हणजे कंपनीच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या विभागाचं सर्टिफिकेट, की हा चॅसी नंबर 1957 ला वेलोचे म्हणूनच बनला. मी स्वतः खात्री करून घेतली, सर्टिफिकेट शंभर टक्के खरं. लोहचुंबक त्यानेच हातात दिलं, दरवाजाला लावून बघा म्हणाला, नाही चिकटलं. वर जर्मनीचं गिऱ्हाईक शनिवारी येतंय हे पालुपद चालूच. व्यवहार झाला, पैसे बँकेतून गेले, गाडी घरी आली.

पुढे बॉनेटखाली एका कोपऱ्यात रंगाला फुगा आला म्हणून ओळखीच्या एका म्हाताऱ्या डेंटरकडे नेली, आयुष्यभर याच गाड्यांचे पत्रे ठोकलेला माणूस. त्याने फुग्याकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिनच्या मागच्या पत्र्यावर चॅसी नंबर ठोकलेला असतो त्याच्याभोवती बोट फिरवत राहिला, मग न बोलता आत शिरला, डॅशबोर्डखाली आडवा होऊन पत्र्याला चिकटवलेलं फेल्ट, म्हणजे आतलं जाड नमद्यासारखं कापड, सोलून काढलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. नंबरच्या बरोब्बर मागे चौकोनी वेल्डिंगची रेघ, पत्रा जळून निळाकाळा पडलेला. पुढच्या बाजूने ग्राइंडर मारून, पुटी भरून, रंग देऊन बेमालूम केलेलं, मागून कोण बघतंय म्हणून तसंच सोडलेलं. पेंट रिमूव्हर लावल्यावर पुढूनही चौकोन उघडा पडला.

म्हणजे कुठल्यातरी मोडीत गेलेल्या खऱ्या वेलोचेचा नंबरचा तुकडा कापून साध्या स्प्रिंटला जोडला होता. सातबारा खरा पण जमीन भलतीच, तसा प्रकार. ॲल्युमिनियमचे दरवाजे, प्लेक्सिग्लास, वेबर, हे सगळं आज नवं बनवून मिळतं, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि आर्काइव्हवाले फक्त नंबर कोणत्या गाडीला दिला होता ते सांगतात, तुमच्या दारात उभी असलेली गाडी तीच आहे का हे त्यांना कसं कळणार?

डीलरला फोन केला तर म्हणे करारात 'बघून पसंत' असं लिहून सही केली आहे. हे ऐकून गप्प बसू नका प्लीज! इटलीच्या कायद्यात विकणाऱ्याने दोष जाणूनबुजून लपवला असेल तर असं कलम चालत नाही, वकिलाने पहिल्याच भेटीत सांगितलं. दुसरं म्हणजे फसवणुकीची पोलिस तक्रार कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते, डीलर 'बघू, तोडगा काढू' करत नेमका हाच वेळ घालवतो. आणि एक कटू गोष्ट, चॅसी नंबरशी छेडछाड हा गुन्हा असल्याने तक्रार केली की गाडीच जप्त होते. आमची झाली. पैसे तिकडे, गाडी पोलिसांच्या ताब्यात. तरी तक्रार केली, कारण नाहीतर तीच गाडी फिरून दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडली असती.

केस चालू आहे. त्या डीलरकडे आता झागातो या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची बॉडी असलेली एक लान्चा, म्हणजे दुसऱ्या एका इटालियन कंपनीची गाडी, विक्रीला आली आहे, फाइल तशीच जाडजूड. कुठलीही गाडी असो, नंबरच्या मागचं फेल्ट काढून बघू देत नसेल तर ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका. ट्युरिन-मिलान भागात कोणी मराठी माणूस अशी गाडी बघायला येणार असेल तर आधी मला कळवा, त्या डेंटरला घेऊन मी सोबत येतो, तो यायला तयार आहे.