गच्चीवरचा बोर्ड केला, चार स्टार

पणजीत आमच्या लॉजच्या गच्चीवरचा जुना निऑन बोर्ड काढून एलईडी केला, म्हापशाच्या या बोर्डवाल्यांकडून. काम मस्त, अक्षरं लांबून पण स्वच्छ दिसतात. मुख्य म्हणजे मालक आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट आणि महापालिकेची परवानगी मागतो, मगच वेल्डिंग, काहींना कटकट वाटेल पण मे २०२४ मध्ये घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पडून १७ जण गेले ते आठवा, मुंबईत लिमिट होती ४० बाय ४० ची!! त्यात आपल्याकडचा जूनमधला वारा, विचारूच नका. फ्रेम गॅल्वनाइज्डच घ्या, खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं. एक स्टार कापला, फोनच उचलत नाहीत बाबा. आणि मळा-फोंतेन्हासवाल्यांनो, तुमचा हेरिटेज एरिया, अॅडव्हान्स देण्याआधी परवानगीचं बघा.