गावातल्या भिंतीवर चित्र टिकवायचं तं काय घ्यावं: हार्डवेअरचा स्प्रे, ग्राफिटीवाला डबा की सरळ इमल्शन?

शाळेच्या कंपाउंडवर, वाचनालयाच्या भिंतीवर नाही तं जिमच्या शटरवर स्प्रेनं काही काढायचं ठरलं की पहिला प्रश्न येते डबा कोणता घ्यायचा. सगळे कंपनीचं नाव पाहतात आन शेड कोणी पाहत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: मोठा भाग बाहेरच्या इमल्शननं (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) रोलर मारून भरा, स्प्रे फक्त शेडिंग, बॉर्डर आन अक्षरांच्या कडांसाठी ठेवा, आन पश्चिमेच्या भिंतीवर गुलाबी-जांभळ्याचा मोह आवरा. एवढं पटलं तं पुढचं नाही वाचलं तरी चालते.

आता एकेक पाहू. हार्डवेअरच्या दुकानात मिळते तो स्प्रे मुळात लोखंडासाठी आहे, गाडीचं मडगार्ड, गेट, खिडकीचे गज असल्या कामाचा. प्रेशर जास्त, पिगमेंट म्हंजे रंगाची भुकटी कमी, थर पातळ. सिमेंटच्या भिंतीवर एका हातात, म्हंजे एका थरात, खालचं सगळं दिसते, मंग तीन-चार हात मारावे लागतात आन स्वस्त म्हणून घेतलेला डबा महाग पडते. पहिल्या उन्हाळ्यात चमक जाते, मंग बोट फिरवलं की पावडर हाताले लागते, त्याले चॉकिंग म्हणतात. होते काय की उन्हातले यूव्ही किरण रंगाले धरून ठेवणारं रेझिन तोडतात, रेझिन गेलं की पिगमेंट उघडं पडते आन पाऊस ते धुवून नेते. त्यात डब्यातला माल ऑइलपेंटच्या जातीचा म्हंजे अल्किड असला आन प्लास्टर नवीन असलं तं अजून वांधा, कारण ओल्या सिमेंटमधला क्षार अल्किडचा अक्षरशः साबण करते. रंग चिकट होते, मंग साल निघाल्यासारखा सुटते. नवीन प्लास्टर निदान महिनाभर तरी वाळू द्या आन क्षार सहन करणारा सिमेंट प्रायमर मारल्याशिवाय स्प्रे हातात घेऊ नका.

ग्राफिटीवाला डबा म्हंजे जर्मनीचे मोंटाना गोल्ड, मोलोटो, नाही तं स्पेनचा एमटीएन ९४. नागपूर-अमरावतीच्या दुकानात मिळालं तं नशीब, नाही तं ऑनलाइन मागवा. किंमत देशी डब्याच्या दुप्पट-तिप्पट धरून चाला. पण फरक खरंच आहे बाप्पा. पिगमेंट ठासून भरलेलं असते, त्यामुळं काळ्यावर पिवळा मारला तरी झाकते, प्रेशर कमी असल्यानं हात थांबला तरी ओघळ कमी येतात, आन नोझल बदलून करंगळीएवढी रेघ काढता येते किंवा पंजाएवढा पट्टा. मॅट फिनिश असते म्हणून चमक उडाल्याचा डागही दिसत नाही. हवामानात टिकायले हे बरे आहेत यात वाद नाही, पण "युरोपचा आहे म्हंजे दहा वर्षं पाहणं नाही" असं कोणी सांगत असल तं त्याले मे महिन्यात दुपारी दोन वाजता ब्रह्मपुरीले उभं करा. ४५ च्या वर पारा इकडे नवल नाही, नागपूरनं २०१३ च्या मे मध्ये ४७.९ पाहिलं आहे. आन फ्लोरोसंट शेड तं या कंपन्यांच्यासुद्धा उन्हात टिकत नाहीत, बाहेर काही महिन्यांतच फिक्या पडतात.

इमल्शन म्हंजे एपेक्स, वेदरकोट, एक्सेल, वेदरशील्ड, जे तालुक्याच्या दुकानात मिळल ते, फक्त बाहेरच्या भिंतीचं असावं, आतलं नको. यात ॲक्रिलिक रेझिन असते, ते उन्हात अल्किडपेक्षा लय जास्त तग धरते आन पिवळं पडत नाही. दुसरं म्हंजे भिंतीतली वाफ त्यातून बाहेर निघू शकते. हिशोब पाहा: २० बाय ६ फुटाची भिंत म्हंजे १२० स्क्वेअर फूट, इमल्शन दोन हातांत साधारण अडीच लिटर. तेच ४०० मिलीच्या डब्यानं, एका डब्यात दोन चौरस मीटर धरले तरी, सहा डबे नुसता चित्रामागचा रंग भरायले गेले, चित्र अजून बाकीच आहे. दिल्लीच्या लोधी कॉलनीत भिंतीच्या भिंती रंगवल्या आहेत, असल्या मोठ्या कामात चित्रकार रोलर आन बाहेरचं इमल्शनच वापरतात, स्प्रे वरच्या बारीक कामाले. इमल्शनचं कमी एवढंच की स्प्रेसारखं धुरकट शेडिंग ब्रशनं येत नाही.

पण खरी गंमत शेडमध्ये आहे. एकाच कंपनीचा, एकाच भिंतीवरचा निळा पाच वर्षं तसाच राहते आन बाजूचा गुलाबी दुसऱ्या वर्षी ओळखू येत नाही. काळा म्हंजे कार्बन, त्याले ऊन काही करत नाही. फ्थॅलो नावाच्या पिगमेंटचा निळा आन हिरवा, दोन्ही पक्के. पांढरा टायटॅनियमचा, चांगला असला तं रुटाइल प्रकारचा, तो टिकते. विटकरी, गेरवा, मातकट पिवळा हे लोखंडाचे ऑक्साइड, याच्यापेक्षा पक्कं काही नाहीच. अमरावती जिल्ह्यातल्या धारूळ गावाच्या वर सातपुड्यात अंबादेवीच्या गुहा आहेत (जागा बैतूल जिल्ह्यात मोडते), तिथली लाल चित्रं हजारो वर्षांची आहेत, बरं गुहेची सावली होती हे मान्य, तरी. उडणारे कोण तं स्वस्त भडक लाल, लिंबू पिवळा, मजेंटा, जांभळा आन सगळे निऑन. यांचं पिगमेंट बहुतेक कच्च्या जातीचं सेंद्रिय असते आन ऊन त्याची रचनाच मोडते, वरून क्लिअर कोट मारून थोडा वेळ मिळते, इलाज होत नाही. जांभळं पाहिजेच असल तं निळ्याकडे झुकणारं घ्या. इमल्शनमध्येही ट्यूबचा स्टेनर (रंगात मिसळायचा घट्ट रंग) घरी ढवळून गडद लाल करू नका, दुकानातल्या मशीनवर बाहेरच्या भिंतीच्या बेसमध्ये बनवून घ्या आन शेड बाहेरच्या भिंतीले चालते का ते कार्डावर पाहून घ्या.

भिंत कुठल्या तोंडाची आहे तेही पाहा. लोक म्हणतात दक्षिणेची भिंत लय तापते, पण ते हिवाळ्याचं. मे-जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावरच असते, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर ऊन तिरपं पडते आन खरा मार पश्चिमेच्या भिंतीले बसते, दुपारनंतर थेट ऊन, आन जूनपासून पावसाचा सपकाराही बहुतेक तिकडूनच. पूर्वेची भिंत मधली. उत्तरेची रंगाले सगळ्यात चांगली, पण गडचिरोली-भंडाऱ्याकडे तिच्यावर शेवाळ धरते, तिकडे बुरशीले आवरणारं इमल्शन घ्या.

आता खारपाणपट्ट्यातले लोक, म्हंजे अकोला, अमरावती, बुलडाण्याचा पूर्णाकाठ. तुमच्यासाठी वरची सगळी तुलना अर्धी बाद आहे. तिथल्या विटा खाऱ्या पाण्यानं भिजवलेल्या, प्लास्टरही त्याच पाण्याचं, जमिनीतून ओल वर चढते आन वाळताना खार भिंतीच्या बाहेर येऊन रंगाले मागून ढकलते. तिथं ऑइलपेंट, चमकदार स्प्रे किंवा वरून वॉर्निश मारलं की भिंत कोंडली, फुगे येणार आन पोपडे निघणारच, डबा जर्मन असो की देशी. खालचे दोन-तीन फूट चित्राशिवाय सोडा, खार कोरड्या ब्रशनं झाडा, धुऊ नका (धुतला की पुन्हा आत जाते), आन वर इमल्शनच. पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूनं टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दव धरलं असल तं भिंत अजून तयार नाही. चुना मारलेली जुनी भिंत असल तं खरवडल्याशिवाय काहीच नका मारू, रंग चुन्याले धरते आन चुना भिंतीले धरत नाही.

शटर, पत्र्याचा बोर्ड, पाण्याची लोखंडी टाकी असल तं मात्र हिशोब उलटा. इथं हार्डवेअरचा डबा आपल्या घरी आला समजा. गंज घासा, रेड ऑक्साइड प्रायमर मारा, वर दोन पातळ हात. फक्त नवीन जस्ती पत्र्यावर सरळ ऑइलपेंटवाला स्प्रे नको, जस्तासोबत अल्किडचं जमत नाही, त्याले जस्ती पत्र्याचा वेगळा प्रायमर लागते.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या भिंतीवर स्प्रेचा थेंब पोचायच्या आधीच अर्धा वाळते, वर खरखरीत भुकटी बसते आन पहिल्या पावसात निघून जाते, मंग लोक डब्याले शिव्या घालतात. उन्हाळ्यात करावंच लागलं तं सकाळी नऊच्या आत आटपा. डबे टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, त्यावर ५० डिग्रीच्या वर नेऊ नका असं लिहिलं असते आन आपल्या मे मध्ये बंद गाडी त्याच्या पुढंच जाते, आतला गॅस पेट घेणारा आहे.

राहिलं तात्पुरतं काम, गणपतीचं प्लायवूडचं डेकोरेशन किंवा तान्हा पोळ्याचा लाकडी बैल. तिथं ऊनच नाही तं निऑन घ्या, स्वस्तातला घ्या, सोनेरी घ्या, पोरांच्या तोंडाले मास्क बांधून उघड्या अंगणात मारा.