ऑनलाइन लेन्स खरेदीत झालेली माझी फसवणूक

ठाण्यातील नौपाड्यात मी गेली बावीस वर्षे राहते. निवृत्तीनंतर मला पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद लागला आणि हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीतून खाडीतले रोहित पक्षी टिपणे हा माझा नेमच झाला. बोट थव्याच्या फार जवळ नेता येत नाही, आणि नेऊही नये. त्यामुळे माझ्याजवळच्या 70-300 मिमी लेन्समधून पक्षी लहानच दिसत. म्हणून निकॉन कंपनीची, दूरचे आणखी मोठे दाखवणारी 200-500 मिमी लेन्स घ्यायचे मी ठरवले. दोन दुकानांत चौकशी केली तेव्हा किंमत एक लाखाच्या थोडी वर सांगण्यात आली. त्याच आठवड्यात एका संकेतस्थळावर तीच लेन्स, नवी आणि सीलबंद, 68,500 रुपयांना दिसली. त्या विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. मात्र हा व्यवहार कसा घडला ते तपशिलाने सांगते. असल्या विक्रेत्यांची नावे बदलतात, पण पद्धत फारशी बदलत नाही.

मागणी मी रीतसर क्रेडिट कार्डाने नोंदवली आणि पैसे भरल्याची पावतीही आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. सुरुवातीला हिंदीत बोलणारा तो माणूस माझे आडनाव वाचताच मराठीत बोलू लागला. "ताई, आपल्या माणसाला मी चुकीचं सांगणार नाही," असे म्हणून त्याने सांगितले की कार्डाचे पैसे बँकेत अडकले आहेत, ते आठवड्याभरात परत मिळतील, परंतु हा भाव आजच्या दिवसापुरताच असल्याने रक्कम यूपीआयने भरावी. पुढे त्याने विचारले की या लेन्सला भारतातली वॉरंटी नसते, ती हवी असेल तर तीन वर्षांचे 4,500 रुपये होतील, घ्यायची का? लेन्स हूड (लेन्सच्या पुढे लावायचे, बाजूचा उजेड अडवणारे कडे) आणि झाकणे यांचे 2,800 रुपये वेगळे, असेही त्याने सांगितले. हूड आणि दोन्ही झाकणे कंपनी लेन्सच्या खोक्यातच देते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. एकूण 75,800 रुपये झाले, आणि तरीही दुकानापेक्षा पंचवीस हजारांहून अधिक वाचत होते.

पैसे पाठवण्याआधी यूपीआय ॲपवर खातेदाराचे नाव दिसते. तेथे दुकानाचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे होते. मी थांबले आणि विचारले. "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, ताई, कंपनीच्या खात्याची आजची मर्यादा संपली," हे उत्तर त्याने इतक्या सहजपणे दिले की मी पिन टाकला. माझी खरी चूक याच क्षणी झाली. स्वस्त किमतीचा मोह पडणे मी समजू शकते, पण डोळ्यांसमोर वेगळे नाव दिसत असताना पैसे पाठवणे मला टाळता आले असते.

कार्डाचे पैसे चार दिवसांत खरोखरच परत आले आणि त्यामुळे माझा विश्वास उलट वाढला. त्यामागचा हेतू मला नंतर बँकेत बसल्यावर उमगला. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांबाबत वस्तू आली नाही किंवा वर्णनाप्रमाणे निघाली नाही, तर ग्राहकाला आपल्या बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे दिलेल्या पैशांची परतफेड, मागता येतो आणि विक्रेत्याला उत्तर द्यावे लागते. यूपीआयने स्वतःच्या हाताने पाठवलेली रक्कम बँक आपल्या अधिकारात परत ओढून आणू शकत नाही. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार पडू नये, असे सांगणारे रिझर्व्ह बँकेचे 2017 चे परिपत्रक मी मोठ्या आशेने बँकेत नेले होते. परंतु ते आपल्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी होते. माझ्या व्यवहारात पिन मीच टाकला होता.

अकराव्या दिवशी पार्सल आले. खोके रिकामे नव्हते, आत वीटही नव्हती, लेन्स खरीच होती. पण ती नवी नव्हती. मागच्या धातूच्या कड्यावर कॅमेऱ्याला वारंवार लावल्याच्या खुणा होत्या आणि झूमचे रबरी कडे सैल झाले होते. खोक्यावरचा अनुक्रमांक आणि लेन्सवरचा अनुक्रमांक जुळत नव्हता. मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड टाकून समोरून पाहिले तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तंतूंची नक्षी दिसली. आपल्याकडच्या दमट हवेत नीट न ठेवलेल्या लेन्सला अशी बुरशी धरते, हे छायाचित्रण करणाऱ्यांना ठाऊक असते. ती एक-दोन आठवड्यांत इतकी पसरत नाही. म्हणजे ही लेन्स बराच काळ कोणाच्या तरी कपाटात पडून होती. तीन वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड कंपनीचे नव्हते, विक्रेत्यानेच छापलेले होते.

अधिकृत सेवा केंद्रात नेल्यावर तेथील मुलीने संगणकावर अनुक्रमांक टाकला आणि ही लेन्स कंपनीच्या भारतीय शाखेमार्फत विकलेलीच नाही, असे सांगितले. बाहेरून परस्पर आणलेल्या अशा मालाला आपल्याकडे ग्रे मार्केटचा माल म्हणतात. त्यातला काही माल नवा आणि उत्तमही असतो, पण त्याला येथील वॉरंटी लागू होत नाही. ज्याला ती जोखीम माहीत आहे त्याने ती पत्करावी. मला मात्र तो भारतीय वॉरंटीचा म्हणून, वेगळे पैसे घेऊन विकला गेला. एक खूण मी घरीच ओळखायला हवी होती. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली किंवा चिकटवलेली असणे भारतात बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर तसे काहीच नव्हते.

बिलाकडेही मी तेव्हाच नीट पाहायला हवे होते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27 आणि दिल्लीचे 07, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन क्रमांक. माझ्या बिलावर 07 होते, म्हणजे माल दिल्लीतून महाराष्ट्रात विकला गेला. अशा आंतरराज्य विक्रीवर आयजीएसटी हा एकच कर लागतो. माझ्या बिलावर मात्र एकाच राज्यातल्या विक्रीसारखे सीजीएसटी 9 टक्के आणि एसजीएसटी 9 टक्के असे दोन भाग दाखवले होते. रोज बिले करणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातून ही चूक सहसा होत नाही. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक घातला तेव्हा भलत्याच नावाची आणि रद्द झालेली नोंदणी समोर आली. हे सगळे तपासायला मला पाच मिनिटे लागली आणि त्यासाठी कोणतेही शुल्क नव्हते. पैसे देण्यापूर्वी क्रमांक मागितला असता तर तीच पाच मिनिटे उपयोगी पडली असती.

संकेतस्थळावर '1998 पासून आपल्या सेवेत' असे लिहिले होते, पण त्या संकेतस्थळाच्या नावाची इंटरनेटवरील नोंदणी जेमतेम चार महिन्यांपूर्वीची होती. ग्राहकांचे अभिप्राय सगळे एकाच पंधरवड्यातले होते. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव द्यावे लागते. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे लागते. येथे फक्त एक व्हॉट्सॲप क्रमांक होता. खोके उघडतानाचे चित्रीकरण नसेल तर माल परत घेतला जाणार नाही, हे उत्तर त्याच क्रमांकावरून आले आणि आठवड्याभराच्या वादावादीनंतर तोही बंद झाला.

ही पद्धत आपल्याकडे जन्मलेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका कॅमेरा-विक्रेत्याविषयी 2005 मध्ये एका ग्राहकाने लिहिलेला अनुभव बराच गाजला होता. तेथेही आधी आकर्षक किंमत, नंतर फोनवरून जोडवस्तू घेण्याचा आग्रह आणि त्या नाकारल्या की त्रास, हाच क्रम होता. मला वाचनाची आवड आहे, पण हे मी खरेदीनंतर वाचले.

सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे. तेथे तातडीने कळवले आणि रक्कम अजून खात्यातून पुढे गेलेली नसली, तर ती गोठवता येते. मी पैसे दिल्यावर अठराव्या दिवशी फोन केला, कारण तोवर मी त्या माणसाशीच बोलत राहिले होते. तोपर्यंत खात्यात शिल्लक उरली नव्हती. तक्रार क्रमांक मात्र मिळाला आणि पुढे तो कामी आला. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नये, असे मी अगदी कळकळीने सांगते.

त्यानंतर मी ग्राहक आयोगाकडे गेले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. त्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी मला ठाण्याबाहेर जावे लागले नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावणे सक्तीचे नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. अर्ज ऑनलाइन भरता येतो. खरी अडचण वेगळीच निघाली. तक्रार कोणाविरुद्ध करायची? बिलावरचे नाव खोटे होते, संकेतस्थळावर पत्ता नव्हता आणि फोन बंद होता. हाती दोनच गोष्टी उरल्या होत्या: यूपीआयच्या नोंदीतले खातेदाराचे नाव आणि पार्सलच्या बाहेरच्या वेष्टनावर कुरिअरने चिकटवलेला माल उचलल्याचा पत्ता. ते वेष्टन मी रद्दीत टाकले होते. रद्दीवाला त्या महिन्यात आला नव्हता म्हणून ते मिळाले.

त्या पत्त्यावर नोटीस गेली आहे आणि ती परत आलेली नाही. लेन्स मी वापरत नाही. ती पुरावा आहे, म्हणून न जुळणाऱ्या अनुक्रमांकाच्या त्याच खोक्यासकट हवाबंद डब्यात ठेवली आहे. आतली बुरशी आणखी वाढू नये म्हणून दर महिन्याला त्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलते.