पायथन बदलण्याआधीची चाचणी: टॉक्स की गिटहब अ‍ॅक्शन्स?

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत्यांना पट्टी आणि खतावणीचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एखाद्या लहान कार्यालयाला पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.९ ही आवृत्ती सोडून ३.१३सारख्या नव्या आवृत्तीवर जाणे आता भाग आहे, कारण त्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२५मध्ये थांबल्या. अडचण सहसा आपल्या कोडपेक्षा त्याखालच्या जुन्या पॅकेजांत, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडसंचांत, निघते. ३.१२मधून पॅकेजे बांधण्यासाठीचे डिस्टयुटिल्स गेले आणि ३.१३मधून सीजीआय, टेलनेटलिब यांच्यासह पायथनसोबतच येणारी १९ मॉड्यूल काढली गेली. ती आपण कधी वापरली नसली तरी एखादे विस्मरणात गेलेले पॅकेज त्यांच्यावर उभे असू शकते.

टॉक्स हे चाचण्या चालवणारे साधन आपल्याच संगणकावर प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे इतरांपासून वेगळी ठेवलेली पायथनची जागा, तयार करते, त्यात पॅकेजे नव्याने बसवते आणि चाचण्या चालवते. ३.१३साठी तयार व्हील, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली बसवण्याजोगी फाइल, नसलेले पॅकेज येथेच अडू शकते आणि ते बदलून लगेच पुन्हा चाचणी घेता येते. मात्र पायथनच्या आवृत्त्या आपल्यालाच बसवाव्या लागतात, आणि न सापडलेली आवृत्ती वगळण्याची सोय चालू ठेवली असेल, तर ३.१३ची चाचणी झालेलीच नसताना एकूण निकाल उत्तीर्ण दिसू शकतो.

गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या अ‍ॅक्शन्स सेवेत हेच काम मॅट्रिक्स (आवृत्त्या आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या जोड्यांची यादी) लावून दूरच्या संगणकांवर होते आणि प्रत्येक पुशनंतर, म्हणजे नवा कोड तेथे पाठवल्यावर, आपोआप सुरू करता येते. कोणाच्या आठवणीवर ते अवलंबून राहत नाही. एक चाचणी फसताच बाकीच्या रद्द करण्याची मूळ सेटिंग मात्र बंद करावी, कारण कोणकोणत्या आवृत्तीत बिघाड आहे हेच तर पाहायचे असते. दुसरे असे की, अनेक जण सेटिंगचा तयार नमुना उतरवून घेताना फक्त लिनक्स ठेवतात. अडत्याच्या पेढीवर मात्र विंडोज असते. एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) न सांगता उघडलेल्या फाइलमध्ये ‘राजापुरी हळद’ लिहिणारी चाचणी लिनक्सवर बिनतक्रार पार पडते, आणि पाश्चात्त्य कोडपेज, म्हणजे देवनागरी नसलेला अक्षरसंच, असलेल्या विंडोजवर युनिकोडएन्कोडएरर देऊन थांबते. एन्कोडिंगची मूळ सेटिंग ३.१५मध्ये सर्व लिप्या सामावणारी यूटीएफ-८ होत असली, तरी ३.१३ला त्याचा उपयोग नाही.

कोणतेही साधन घेतले तरी आधी ३.९वरचा निकाल नोंदवावा, नाहीतर जुनेच दुखणे नव्या आवृत्तीच्या माथी मारले जाते. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचे क्रेटर हे चाचणी-साधनही कंपायलरच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) दोन आवृत्त्यांवरचे निकाल असेच शेजारी ठेवून पाहते.

माझ्या मते, पॅकेजांची यादी निश्चित होईपर्यंत टॉक्स वापरावे. त्यानंतर, कोड लिहिणारे एकाहून अधिक असतील, तर विंडोजसह अ‍ॅक्शन्स लावावे. एकट्याने काम करणाऱ्याला विंडोजवरचे टॉक्स पुरेसे आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पट्टीचे रकाने सरकतात की नाही, हे मात्र दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी एखाद्या पेढीवर जाऊन पट्टी छापूनच पाहावी लागेल, आणि तेही हळदीचा हंगाम व मार्चअखेर टाळून.